जुन्या पीसीत कमी खर्चात काय काय वाढवता येतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात आठ-दहा वर्षांचा डेस्कटॉप किंवा लॅपटॉप आहे. बंद पडलेला नाही, पण चालतो तो कुरकुरत. टाकवत नाही आणि वापरवतही नाही, अशा अवस्थेतल्या मशीनबद्दल जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्या उत्तरांमागचा हिशेब एकच आहे. जो भाग हा पीसी गेल्यावरही पुढच्या मशीनमध्ये लावता येईल, तो नवा आणि चांगला घ्या. जो भाग याच पीसीबरोबर भंगारात जाणार, तो सेकंडहँड घ्या किंवा घेऊच नका.

पीसी खूप स्लो झालाय. आधी काय बदलू?

आधी काहीच बदलू नका. मशीन नेमकं कशासाठी थांबतंय ते बघा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तिन्ही कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सचा भाग उघडून ठेवा आणि रोजचं काम करा: ब्राउझर, मेल, एखादी मोठी एक्सेल फाइल.

डिस्कचा आलेख १०० टक्क्यांना चिकटलाय आणि वाचनाचा वेग मात्र सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी दिसतोय, तर दोषी हार्ड डिस्क. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या खाली उतरतच नसेल तर रॅम कमी पडतेय. प्रोसेसर १०० टक्के दिसत असेल, तर त्याच पानावर तो किती गिगाहर्ट्झवर चालतोय तेही वाचा. मूळ वेगापेक्षा बराच खाली असेल, तर तो बहुतेक तापून मंदावलाय. तिथे नवा भाग नको, साफसफाई हवी.

माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ मशीनमध्ये उत्तर पहिलंच निघतं.

हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली तर खरंच एवढा फरक पडतो?

पडतो. एसएसडी म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क, आणि फरकाचं कारण साध्या गणितात आहे. हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी वाट बघायची, म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. त्याआधी ती सुई योग्य जागी सरकवायची, त्यात आणखी आठ-नऊ. एक छोटी फाइल शोधायला बारा-तेरा मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला अशा सत्तर-ऐंशी फायलींच्या वर जाताच येत नाही. लॅपटॉपमधली डिस्क बहुधा ५४०० फेऱ्यांची असते, तिचं याहून वाईट.

विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फायली वाचल्या जातात, त्याही डिस्कवर कुठे कुठे विखुरलेल्या. एसएसडीत फिरणारं काही नाही. तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही लवकर होतं. म्हणून खोक्यावरचा ‘५५० एमबी प्रति सेकंद’ हा आकडा मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. फरक जाणवतो तो या छोट्या वाचनांमध्ये.

शिवाय साध्या साटा प्रकारची (साटा म्हणजे डिस्क बोर्डला जोडायची नेहमीची पद्धत) अडीच इंची एसएसडी उद्या कुठल्याही मशीनला लागते. तिथे जागा नसली तरी छोट्या यूएसबी केसमध्ये घालून वापरता येते. सुरुवातीला सांगितलेल्या हिशेबात ही पैकीच्या पैकी गुण घेते.

माझा मदरबोर्ड जुना आहे, त्यावर साटा २ आहे. मग एसएसडी वाया जाईल का?

नाही. साटा २ वर वेगाची कमाल मर्यादा साधारण २७० ते २८० एमबी प्रति सेकंद इतकी येते, साटा ३ वर साडेपाचशेच्या आसपास. मोठा सिनेमा इकडून तिकडे कॉपी करताना हा फरक दिसेल. पीसी चालू होताना, ब्राउझर उघडताना दिसणार नाही, कारण तिथे छोट्या फायलींचाच कारभार असतो.

एक मात्र बघा. जुन्या बोर्डांवर बायोसमध्ये (पीसी चालू होताना विंडोजच्या आधी चालणारं बोर्डमधलं सॉफ्टवेअर) साटाचा मोड आयडीई ठेवलेला असतो. तो एएचसीआय करा, आणि विंडोज नव्याने टाकण्याआधी करा. चालू विंडोज असताना नुसता मोड बदलला तर पुढच्या वेळी निळा पडदा दिसण्याची शक्यता दाट. तो दिसलाच तर घाबरू नका, मोड परत पूर्वीचा केला की गाडी रुळावर येते.

मग थेट एनव्हीएमई का घेऊ नये? ती तर कितीतरी वेगवान असते.

एनव्हीएमई म्हणजे साटाऐवजी पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने चालणारी एसएसडी. बोर्डवर एम.२ चा स्लॉट असेल आणि तो एनव्हीएमई घेत असेल तर जरूर घ्या. पण ‘एम.२’ हे फक्त आकाराचं नाव आहे. काही जुन्या लॅपटॉपमधला एम.२ स्लॉट केवळ साटा प्रकारची पट्टी घेतो. पट्टी बसते, स्क्रू लागतो आणि बायोसमध्ये काहीच दिसत नाही. मॉडेलचं मॅन्युअल उघडून बघणं हाच उपाय.

डेस्कटॉपवर एम.२ नसेल तर पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारं साधं अॅडॉप्टर कार्ड मिळतं. त्यावर लावलेली एनव्हीएमई विंडोजला दिसते, डेटा ठेवायला उत्तम चालते. मात्र साधारण २०१४ च्या आधीचे बहुतेक बोर्ड तिच्यावरून बूट होत नाहीत, कारण त्यांच्या बायोसला एनव्हीएमई म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. बायोसमध्ये फेरफार करून ते जमवणारे लोक आहेत. घरात एकच पीसी असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

किती जीबीची घ्यावी?

विंडोज आणि नेहमीचे प्रोग्रॅम एवढंच असेल तर २५६ जीबीत भागतं. फोटो-व्हिडिओही त्यावरच ठेवायचे असतील तर ५०० च्या खाली जाऊ नका.

आणि बोटभर आकाराच्या, ‘१६ टीबी’ लिहिलेल्या, अविश्वसनीय स्वस्त एक्सटर्नल एसएसडी ऑनलाइन दिसतात, त्या घेऊ नका. आत एखादं साधं मेमरी कार्ड आणि खोटी क्षमता सांगणारं फर्मवेअर असतं. खरी क्षमता भरली की पुढची कॉपी ‘यशस्वी’ होते, पण फायली उघडत नाहीत. शंका असेल तर एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हे फुकट प्रोग्रॅम आहेत. ते पूर्ण जागा भरून, परत वाचून तपासतात. पहिल्या दिवशीच चालवा, परत करायची मुदत संपायच्या आत.

विंडोज नव्याने टाकू की जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करू?

मशीन नीट होतं, फक्त मंद होतं, तर क्लोन करा. क्लोनझिला हा प्रोग्रॅम फुकट आहे, पण नवी एसएसडी जुन्या डिस्कपेक्षा लहान असेल तर तो अडतो. आधी विंडोजमधूनच पार्टिशन लहान करून घ्यावं लागतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर तो आधी बंद करा, डिस्कवरचं कुलूप पूर्ण निघू द्या, मगच हात घाला.

मशीनमध्ये दहा वर्षांचा पसारा असेल, तीन-तीन अँटिव्हायरस एकमेकांवर नजर ठेवून बसले असतील, तर नव्याने टाका. जुनी डिस्क महिनाभर तशीच बाजूला ठेवा, फॉरमॅट मारू नका. काय राहून गेलं ते तिसऱ्या आठवड्यात आठवतं.

रॅम किती पुरेशी?

४ जीबी असेल तर ८ करा, फरक लगेच जाणवेल. ८ असेल आणि टास्क मॅनेजर मेमरी ६० टक्के दाखवत असेल तर १६ करून काहीच होणार नाही. रिकामी रॅम वेग देत नाही. ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडे ठेवणारे आणि फोटो एडिट करणारे यांनी १६ चा विचार करावा.

विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम त्याला वापरताच येत नाही, त्या चारातलीही तीन-साडेतीनच हाती लागते. आधी ६४ बिटचं विंडोज टाका.

माझ्या पीसीला कोणती रॅम बसेल? वाचून गोंधळ उडतो.

सगळ्यात जास्त चुकीची खरेदी इथेच होते.

पहिलं म्हणजे पिढी. डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या ठिकाणी असते. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्ही डेस्कटॉप पट्ट्यांना २४० पिना असतात, म्हणून पिना मोजून काही कळत नाही, खाचच बघावी लागते. लॅपटॉपची पट्टी आखूड: डीडीआर३ ला २०४ पिना, डीडीआर४ ला २६०. सीपीयू-झेड हा छोटा फुकट प्रोग्रॅम कॅबिनेट न उघडता पिढी, वेग आणि कुठल्या स्लॉटमध्ये काय आहे ते बहुतेक मशीनवर सांगतो. तरीही मी एकदा कॅबिनेट उघडून पट्टीवरचं लेबल वाचतो, फोनवर फोटो काढून ठेवतो. खरेदीच्या वेळी तो फोटोच कामाला येतो.

दुसरं, व्होल्टेज. डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ वर. डीडीआर३एलची पट्टी दीड व्होल्टच्या जागीही चालते. उलटं मात्र चालेलच असं नाही. २०१३ नंतरचे बरेच लॅपटॉप फक्त १.३५ व्होल्टच देतात, त्यात साधी डीडीआर३ लावली की मशीन उठतच नाही. लॅपटॉपसाठी घेताना डोळे मिटून ‘एल’वाली घ्या.

तिसरं, कमाल मर्यादा. एच६१ चिपसेटचे डेस्कटॉप बोर्ड खूप घरांमध्ये अजून आहेत. त्यांना स्लॉट दोन आणि मर्यादा १६ जीबी, म्हणजे ८-८ च्या दोन पट्ट्या.

आता सापळे. डीडीआर३ च्या काही खूप स्वस्त पट्ट्यांवर बारीक अक्षरात ‘फक्त एएमडीसाठी’ लिहिलेलं असतं. त्या इंटेलच्या बोर्डवर चालत नाहीत. तसंच सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम, मोठी आणि स्वस्त, पण घरगुती बोर्डवर निरुपयोगी. दिसायला दोन्ही हुबेहूब, स्लॉटमध्ये बसतातही.

वेगवेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या लावल्या तर दोन्ही कमी वेगाने चालतात, एवढंच. ग्राफिक्स कार्ड नसेल तर एका मोठ्या पट्टीपेक्षा सारख्या क्षमतेच्या दोन लावा. बोर्डमधलं ग्राफिक्स रॅममधूनच जेवतं, आणि दोन पट्ट्यांमुळे त्याला दुप्पट रुंद वाट मिळते.

डीडीआर३ पुढच्या कुठल्याही मशीनला लागणार नाही, त्यामुळे ती सेकंडहँडच घ्यावी असं माझं मत. रॅम सहसा झिजत नाही. लावल्यावर मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. सकाळी एकही चूक नसेल तर पट्टी चांगली.

रॅम टाकली आणि स्क्रीनच येत नाही. पीसी गेला का?

बहुतेक नाही. मी पहिल्यांदा रॅम बदलली तेव्हा पंखे फिरत होते, पडदा काळा, आणि आतून लांब बीप येत होते. अर्धा दिवस मी ‘बोर्ड उडाला’ या दुःखात घालवला. पट्टीच्या एका टोकाचा खटका बसला होता, दुसऱ्या टोकाचा अर्धवट होता. डोळ्यांना मिलिमीटरचाही फरक दिसत नव्हता.

वीज बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. पट्टी काढा. सोनेरी पिनांवरून साधं पांढरं खोडरबर हलकेच फिरवा, चुरा फुंकू नका, ब्रशने झटका. फुंकरीतून थुंकी जाते. मग दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकांवर सरळ दाब द्या. जुन्या बोर्डचे स्लॉट वाटतं त्यापेक्षा जास्त जोर मागतात. दोन ‘टक्’ ऐकू आले पाहिजेत. एका वेळी एकच पट्टी, आळीपाळीने प्रत्येक स्लॉटमध्ये लावून बघा, म्हणजे पट्टी खराब की स्लॉट ते समजतं.

पेनड्राइव्ह लावून रॅम वाढवता येते म्हणतात?

नाही. विंडोज व्हिस्टाच्या काळात आलेली रेडीबूस्ट नावाची सोय होती. ती रॅम वाढवत नाही, हार्ड डिस्कच्या काही छोट्या फायली पेनड्राइव्हवर ठेवते. एसएसडी लावली की तिचा उपयोग शून्य.

प्रोसेसर बदलता येईल का?

डेस्कटॉपमध्ये बऱ्याचदा येतो, पण नवा नव्हे, त्याच काळातला वरचा. उदाहरण घ्या: एलजीए ११५५ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) आय३-२१०० असेल, तर त्याच जागी आय७-३७७० बसू शकतो. दोन कोअरचे चार होतात, थ्रेड चाराचे आठ. हा प्रोसेसर नवा मिळत नाही, पण ऑफिसांमधून निघालेल्या मशीनमधला सेकंडहँड सापडतो. जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस अपडेट करून घ्या. नवा लावल्यावर स्क्रीनच आली नाही तर अपडेट करणार कसं?

सॉकेटचं नाव सारखं म्हणजे जुळेलच असं मात्र नाही. एलजीए ११५१ चे दोन अवतार आहेत: सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर एका प्रकारच्या बोर्डवर, आठव्या-नवव्या पिढीचे दुसऱ्या. आकार तोच, पण चालत नाहीत.

सगळ्यात नशीबवान एएमडीच्या एएम४ सॉकेटवाले. २०१७ साली पहिले रायझन ज्या बोर्डांवर आले, त्यांतल्या बहुतेकांवर बायोस अपडेट केल्यावर रायझन ५००० मालिकेतले प्रोसेसर चालतात. एका बोर्डने इतक्या पिढ्या बघण्याचं उदाहरण विरळाच. तुमच्याकडे असा बोर्ड असेल तर नवीन पीसीचा विचार सध्या बाजूला ठेवा.

साधारण २०१५ नंतरच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डवर थेट डकवलेला असतो. विषय संपला.

मुलांना गेम खेळायचेत. जुन्या पीसीला ग्राफिक्स कार्ड बसेल का?

तीन गोष्टी मोजा: जागा, वीज, आणि उरलेलं मशीन.

जागा म्हणजे कॅबिनेट. ऑफिसांतून येणारे चपटे डेस्कटॉप फक्त कमी उंचीचं, लो-प्रोफाइल कार्ड घेतात. वीज म्हणजे, पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट स्वतःहून जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याहून जास्त हवी असेल तर कार्डाला एसएमपीएसमधून (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) वेगळी सहा पिनांची किंवा आठ पिनांची केबल लागते, आणि जुन्या मशीनमध्ये ती सहसा नसते. साटाच्या केबलवरून ती वीज ओढणारे स्वस्त कनेक्टर मिळतात. ते वापरू नका, साटाची पिन त्या भाराची नसते, वितळते.

म्हणून ७५ वॅटच्या आतलीच कार्डं बघायची. २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय हे त्यातलं जुनं, भरवशाचं नाव. २०२२ चं आरएक्स ६४०० ५३ वॅटमध्ये भागवतं आणि लो-प्रोफाइलमध्येही मिळतं, पण ते स्लॉटच्या फक्त चार लेन (माहिती जायच्या वाटा) वापरतं. पीसीआय एक्सप्रेस ३ किंवा २ च्या जुन्या बोर्डवर त्याचा दम कमी होतो. म्हणजे ज्याला त्याची गरज, त्याच्याकडेच ते लंगडतं.

जीटी १०३० घेताना डोळ्यांत तेल घाला. एकाच नावाची दोन कार्डं आहेत. जीडीडीआर५ मेमरीचं कार्ड सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवतं, डीडीआर४ मेमरीचं जेमतेम १७. खोक्यावर नाव तेच, खेळताना मात्र दोन वेगळी कार्डं.

सेकंडहँड कार्डांमध्ये आणखी एक फसवणूक चालते. खूप जुन्या कार्डाचं बायोस बदलून त्याला १०५० टीआय म्हणून विकतात. विंडोजही तेच नाव दाखवतं. जीपीयू-झेड चालवलं की असं बनावट कार्ड बहुधा उघडं पडतं. विकणाऱ्यासमोरच चालवून बघा.

आणि तिसरी गोष्ट, उरलेलं मशीन. दोन कोअरच्या प्रोसेसरसोबत भारी कार्ड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघतं.

गेम नकोत, पण यूट्यूबचा व्हिडिओसुद्धा अडखळतो. त्यालाही कार्ड लागेल?

यूट्यूब आता बरेच व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीने पाठवतं. इंटेलच्या बोर्डमधल्या ग्राफिक्समध्ये व्हीपी९ उलगडण्याची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आली. त्याआधीच्या मशीनमध्ये बरंचसं काम प्रोसेसरच्या गळ्यात पडतं, पंखा भुंकायला लागतो, चित्र अडकतं.

फुकट उपाय आधी करा. व्हिडिओ एच.२६४ या जुन्या पद्धतीतच मागवणारं छोटं एक्सटेन्शन ब्राउझरमध्ये टाका. जुनं मशीन ते सहज उलगडतं. बदल्यात यूट्यूबवर १०८० च्या वर जाता येत नाही, आणि जुन्या मॉनिटरवर त्याने काही बिघडत नाही. तरीही कार्डच घ्यायचं असेल तर जीटी १०३० व्हीपी९ स्वतः उलगडतं आणि ३० वॅटमध्ये चालतं. एव्ही१ त्याला येत नाही.

एसएमपीएस बदलायची गरज आहे का?

एसएसडी आणि रॅमसाठी नाही. ग्राफिक्स कार्ड लावणार असाल, किंवा पीसी अधूनमधून आपोआप बंद पडत असेल, तर हो. हा भाग नवाच घ्या, चांगला घ्या. तो पुढच्या पीसीतही जातो, आणि खराब निघाला तर बाकीच्यांना घेऊन बुडतो.

ब्रँडेड डेस्कटॉपवाल्यांनी थांबून आत बघावं. बोर्डवर २४ पिनांऐवजी सहा-आठ पिनांचा वेगळाच कनेक्टर असेल, तर बाजारातला साधा एसएमपीएस थेट बसणार नाही. आणि जुना एसएमपीएस उघडून दुरुस्त करायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर बराच वेळ भरलेले राहतात.

यूएसबी ३ चे पोर्ट नाहीत. वाढवता येतात?

डेस्कटॉपला सहज. पीसीआय एक्सप्रेसच्या सगळ्यात छोट्या, एक्स१ स्लॉटमध्ये बसणारं कार्ड घ्या. यूएसबी २ वर प्रत्यक्षात ३५-४० एमबी प्रति सेकंद मिळतात, म्हणजे २० जीबीचे फोटो काढायला नऊ-दहा मिनिटं. यूएसबी ३ वर तेच काम एक्सटर्नल हार्ड डिस्कच्या वेगाने तीन-चार मिनिटांत. ज्यावर एसएमपीएसची केबल जोडायची सोय आहे असं कार्ड घ्या, नाहीतर दोन डिस्क एकदम लावल्या की एक गायब होते.

वाय-फायचं काय?

डेस्कटॉपला यूएसबीचं डोंगल पुरतं, पण ते कॅबिनेटच्या मागे भिंतीशी लावू नका. हातभर एक्स्टेन्शन केबल लावून टेबलावर आणा, सिग्नल तिथेच सुधारतो. लॅपटॉपमधलं कार्ड बदलण्याआधी शोधून बघा: काही कंपन्यांचं बायोस स्वतःच्या यादीतलंच कार्ड चालू देतं, बाकी नाकारतं.

नवा मॉनिटर एचडीएमआयचा, पीसीला फक्त व्हीजीए. अॅडॉप्टर चालेल?

चालेल, पण दिशा बघून घ्या. ‘एचडीएमआयमधून व्हीजीए’ आणि ‘व्हीजीएमधून एचडीएमआय’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, उलट्या लावून चालत नाहीत. तुम्हाला दुसरी हवी, तिला यूएसबीतून वीजही लागते.

लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्हच्या जागी डिस्क लावता येते का?

येते. त्यासाठी कॅडी नावाची चौकट मिळते. जाडी मोजून घ्या: ड्राइव्ह ९.५ मिलिमीटरचा असतो किंवा १२.७ चा. एसएसडी मूळ डिस्कच्या जागी लावा आणि जुनी हार्ड डिस्क कॅडीत. काही लॅपटॉपमध्ये सीडीच्या जागेचा साटा कमी वेगाचा असतो, शिवाय तिथून बूट व्हायला ते कधी कधी कटकट करतात.

लॅपटॉप उघडताना थर्मोकोलच्या तुकड्यावर त्याच्या पाठीचं चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू निघाला की चित्रातल्या त्याच जागी टोचून ठेवा. स्क्रू दिसायला सारखे, लांबी वेगळी. लांब स्क्रू आखूड जागी आवळला की तो कीबोर्डमधून वर डोकं काढतो. मी काढून बघितलंय.

बॅटरी फुगलेली दिसली, म्हणजे टचपॅड वर आलाय किंवा तळ टेबलावर डुलतोय, तर बाकी सगळं थांबवा. ती दाबू नका, टोचू नका, आधी तीच बदला.

पीसी चालू केला की तारीख दरवेळी मागे जाते, वेबसाइट उघडत नाहीत.

बोर्डवरचा गोल बटण सेल संपलाय. सीआर२०३२, तीन व्होल्टचा. तारीख चुकली की ब्राउझरला वेबसाइटची प्रमाणपत्रं खोटी वाटतात आणि तो सगळीकडे धोक्याची सूचना दाखवतो. लोक व्हायरस समजून फॉरमॅट मारतात. सेल बदला, बायोसमध्ये तारीख आणि साटाचा मोड पुन्हा नीट करा. या पानावरची ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती.

कॅबिनेट उघडलंच आहे तर पंख्यातली धूळ काढा, पंखा बोटाने धरून ठेवून. प्रोसेसरवरची पेस्ट दहा वर्षांत खडूसारखी वाळते. जुनी पुसून वाटाण्याएवढा नवा थेंब टाकला की मघाशी म्हटलेला तापून मंदावणारा प्रोसेसर बऱ्याचदा मूळ वेगावर येतो.

हे सगळं करून विंडोज ११ चालेल का?

बहुतेक नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) हवं, आणि इंटेलच्या साधारण आठव्या पिढीचा, रायझन २००० मालिकेतला किंवा त्यापुढचा प्रोसेसर हवा. बोर्डवर टीपीएमचं छोटं मॉड्यूल लावून पहिली अट पुरी होईल, दुसरी नाही. त्यामुळे केवळ विंडोज ११ साठी ते मॉड्यूल घेऊ नका. अट चुकवून ते टाकायच्या युक्त्या आहेत, पण २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून कोअर २ ड्युओच्या काळातले प्रोसेसर बूटही होत नाहीत.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली. त्यापुढे त्याच मशीनवर लिनक्स मिंट टाकणं हा खरा पर्याय. त्याला २ जीबी रॅम किमान, ४ असेल तर बरं. एसएसडी लावलेल्या जुन्या मशीनवर तो इतका हलका चालतो, की ब्राउझर आणि पत्रलेखनापुरतं काम असणाऱ्यांना मी आधी तोच पेनड्राइव्हवरून चालवून बघायला सांगतो.

कुठे थांबायचं?

बोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेत, तर आजच. प्रोसेसर, रॅम आणि बोर्ड तिन्ही बदलायची वेळ आली, तर तो नवा पीसीच झाला, तो तसाच ठरवून घ्या. आणि फक्त याच मशीनला लागणाऱ्या भागांचा खर्च आठव्या पिढीच्या सेकंडहँड ऑफिस डेस्कटॉपच्या निम्म्यावर गेला, की मी हात आखडता घेतो.

काढलेल्या जुन्या हार्ड डिस्कचं काय करू?

क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये तिची तब्येत बघा. खराब होऊन बदललेल्या सेक्टरांचा आकडा शून्य असेल, तर यूएसबी केसमध्ये घाला. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते, डेस्कटॉपच्या साडेतीन इंचीला केससोबत वेगळा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर लागतो. त्यात फोटोंची दुसरी प्रत ठेवा, एकमेव प्रत नको. आकडा शून्य नसेल आणि दर महिन्याला वाढत असेल, तर डेटा काढून घ्या आणि डिस्क उघडा. आतले दोन चुंबक फार जोरदार असतात, टेबलाच्या कडेला चिकटवले की पुढच्या वेळी लॅपटॉपचे स्क्रू सांडत नाहीत.